आठवड्याला आठ शब्द

इंग्रजीचा वरच्या पातळीचा शब्दसंग्रह हायस्कुलात पक्का करून घ्यायचा तर आधी शब्द कमी करावे लागतात. मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आम्ही जी पद्धत वापरतो तिच्यात आठवड्याला आठच शब्द आहेत. पालकांना हा आकडा फार लहान वाटतो, कारण बाजारातली गाइडं हजारांत बोलतात. पण हिशोब करून पाहा. शिकवण्याचे प्रत्यक्ष आठवडे वर्षाला 35 धरले तर वर्षाचे 280 शब्द होतात, तीन वर्षांचे 840. प्रत्येक शब्दाची सरासरी तीन रूपं शिकली, म्हणजे क्रियापद, नाम आणि विशेषण, तर अडीच हजारांवर रूपं हाताशी येतात. आणि ती अकरावीत गेल्यावरही आठवतात. हजार शब्दांची यादी पाठ करणाऱ्याकडे दिवाळीनंतर किती उरतं, हे कोणत्याही इंग्रजीच्या शिक्षकाला विचारा.

आठ शब्द कोणते निवडायचे, यातच निम्मं काम आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले, ते आपल्या वर्गालाही लागू पडतात. पहिला थर रोजच्या बोलण्याचा: टेबल, रन, हॅपी. तिसरा एकेका विषयाचा: फोटोसिंथेसिस, आयसोटोप, पेनिन्सुला. हे शब्द त्या त्या विषयाच्या तासाला शिकले जातात, इंग्रजीच्या तासाने त्यांच्यावर वेळ घालवू नये. मधल्या थरात कुठल्याही विषयाच्या लिखाणात भेटणारे, पण घरीदारी कानावर न पडणारे शब्द येतात: सिग्निफिकंट, डिराइव्ह, ॲश्यूम, इंटरप्रिट, सस्टेन, रिलक्टंट. मेहनत इथे लावायची. विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या सेमीच्या मुलांना तर हा थर रोजच आडवा येतो. ‘डिराइव्ह द फॉर्म्युला’ म्हटल्यावर फॉर्म्युला कळतो, डिराइव्ह म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि मूल गणितात कच्चं ठरतं.

या थराची यादी नव्याने करत बसायची गरज नाही. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक लिखाणात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची (कुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं) यादी प्रसिद्ध केली. तिचे 10 भाग आहेत: पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी 60 कुटुंबं, शेवटच्यात 30, आणि सगळ्यांत जास्त वेळा भेटणारी कुटुंबं पहिल्या भागात. शैक्षणिक मजकुराचा साधारण दहावा हिस्सा या 570 कुटुंबांनी व्यापलेला असतो. मात्र ही यादी मायकेल वेस्ट यांच्या 1953 सालच्या साधारण 2000 मूलभूत शब्दांच्या यादीवर उभी आहे. ते शब्द येतात असं ती धरून चालते. म्हणून सुरुवात करण्याआधी पाया तपासून घ्यावा. आठवीत आलेल्या पुष्कळ मुलांना कठीण नामं ठाऊक असतात, पण ऑलदो, अनलेस, देअरफोर, इन्स्टेड हे जोडणारे शब्द डळमळीत असतात. ते डळमळीत असतील तर पहिले दोन महिने फक्त त्यांच्यावर द्यावेत. ‘अनलेस’ कळला नाही तर वाक्याचा अर्थ नेमका उलटा लागतो, मग बाकीचे शब्द येऊन उपयोग नसतो.

आठवड्याच्या आठांची आमची वाटणी अशी: पाच शब्द यादीतले, दोन चालू धड्यातले, एक मुलाने स्वतः आणलेला. हा शेवटचा कुठूनही चालतो, औषधाच्या खोक्यावरून, क्रिकेटच्या समालोचनातून, मोबाइलच्या सूचनेतून. तो कधी मधल्या थरातला नसतो, तरी घ्यावा. मूल आजूबाजूचं इंग्रजी कान आणि डोळे उघडे ठेवून पाहू लागतं, त्यासाठी हा एक शब्द.

आठ शब्द एकमेकांपासून लांबचे असावेत, ही अट फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच पाळली जात नाही. समानार्थी शब्दांचे गट एकत्र शिकवायची आपल्याकडे जुनी सवय आहे: फ्रुगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, मायजर्ली एका दमात. नव्या आणि सारख्या गोष्टी एकाच वेळी डोक्यात गेल्या की त्या एकमेकींत मिसळतात. काटकसरीचं कौतुक कोणत्या शब्दात आणि कंजूषपणाची निंदा कोणत्या शब्दात, हे चाचणीत हमखास उलटसुलट होतं. आवाजाने सारख्या जोड्यांचं तर विचारूच नका: अडॅप्ट-अडॉप्ट, एमिनंट-इमिनंट, अफेक्ट-इफेक्ट. उपाय सोपा आहे. जोडीतला जास्त वापरातला शब्द आधी घ्यायचा, तो महिनाभर पक्का होऊ द्यायचा, मगच दुसरा आणायचा आणि त्या वेळी दोघांतला फरक सांगायचा. समानार्थी शब्दांचे तक्ते उजळणीला चांगले, पहिल्या भेटीला वाईट.

आता कार्ड. ए-फोर आकाराचं एक कार्डशीट तीनदा दुमडून आठ तुकड्यांत कापलं की आठवड्याची आठ कार्डे होतात. वही का नको? वहीत शब्दांचा क्रम ठरलेला असतो. मुलाला शब्द न आठवता पानावरची जागा आठवते, आणि अर्थ शेजारीच दिसत असल्याने आठवावं लागतच नाही.

कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहायचा नाही. तिथे वाक्य लिहायचं, शब्दाच्या जागी रेघ आणि त्याचं पहिलं अक्षर. मागच्या बाजूला या गोष्टी: शब्द आणि त्याचं स्पेलिंग, देवनागरीत उच्चार आणि आघाताच्या (बोलताना जिथे जोर पडतो त्या) जागेखाली रेघ, सोप्या इंग्रजीत अर्थ, मराठीत अर्थ, त्याच्यासोबत येणारे दोन शब्द, त्याच कुटुंबातली दोन-तीन रूपं. एका कार्डाला पाच-सात मिनिटं लागतात. ती लागू द्यावीत. तयार छापील कार्डे विकत घेणाऱ्या मुलाचं हे पहिलं आणि सर्वांत मोलाचं शिकणं वाया जातं.

पुढच्या बाजूचं वाक्य कसं असावं याला एक कसोटी आहे. शब्द झाकायचा आणि त्या जागी दुसरे किती शब्द बसतात ते पाहायचं. ‘ही वॉज रिलक्टंट’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असलं तरी कार्डासाठी बाद, कारण तिथे हॅपी, टॉल, सिक काहीही बसतं. ‘माय ग्रँडमदर वॉज रिलक्टंट टु सेल द काउ बिकॉज इट स्टिल गेव्ह मिल्क’ हे चालतं. गाय अजून दूध देते, म्हणून आजी विकायला तयार होईना, हे कारण वाक्यातच आहे. मुलांना आम्ही एवढंच सांगतो की वाक्यात ‘बिकॉज’, ‘बट’ किंवा ‘सो’ आला पाहिजे. या एका नियमाने निम्मी वाक्यं सुधारतात.

मराठी अर्थ लिहावा की नाही, यावर वाद आहे. अनेक ठिकाणी तो वर्ज्य मानतात. आमचं मत स्पष्ट आहे: लिहावा. लिहिला नाही तरी मूल मनात मराठी अर्थ लावतंच, आणि मनात लावलेला तपासता येत नाही. फक्त तो एका शब्दात उरकू नये. रिलक्टंटपुढे ‘नाखूष’ लिहिलं तर ‘अनहॅपी’शी गोंधळ ठरलेला. ‘करायला मन घेत नाही, तरी बहुधा करतो’ असं लिहिलं की शब्दाचा स्वभाव कळतो. सोप्या इंग्रजी अर्थासाठी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचे कोश वापरावेत. लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच दिलेल्या असतात, त्यामुळे एक शब्द पाहताना दुसरे तीन पाहावे लागत नाहीत. मोठ्या माणसांसाठीचा जाडजूड कोश आठवीच्या मुलापुढे ठेवला तर नेमकं तेच घडतं. मोबाइलवरचा भाषांतराचा एकशब्दी अर्थ तर कार्डावर उतरवूच देऊ नये. त्यात शब्द नाम आहे की क्रियापद एवढंही बहुतेक वेळा कळत नाही.

उच्चारासाठी देवनागरीचा मोठा फायदा आहे. ॲ आणि ऑ हे स्वर आपल्या लिपीत सरळ लिहिता येतात. पण देवनागरीत आघात दिसत नाही, आणि इंग्रजी शब्द ओळखला जातो तो बराचसा आघातावरून. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, त्यामुळे लिहिलेला ओळखीचा शब्द कानाला अनोळखी वाटतो. ‘ॲनलाइझ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे सिलेबलवर), ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, ‘ॲनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर. कुटुंब एकच, पण जोर सरकतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतो. म्हणून कार्डावर रूपं लिहिताना प्रत्येकाच्या आघाताखाली रेघ हवी. दोन नियम लवकर हाताला येतात. ‘शन’ आणि ‘इक’ने संपणाऱ्या शब्दांत जोर बहुतेक त्याच्या आधीच्या अवयवावर पडतो. आणि कॉन्ट्रॅक्ट, रेकॉर्ड, कॉन्फ्लिक्ट यांसारख्या शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. स्पेलिंगवरून फसवणारे शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डावर घ्यावेत: सटल (यात बी लिहायचा, उच्चारायचा नाही), डेट (तसंच), इन्डाइट (सी मूक), इपिटमी आणि हायपर्बली (शेवटचा ई उच्चारायचा).

कार्डे झाली की खोका. बुटांचा रिकामा खोका घेऊन पुठ्ठ्याने पाच कप्पे करायचे. ही कल्पना जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी. यामागचं कारण 1885 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं: विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि पुढे मंदावतं. म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळ-जवळ, नंतरच्या लांब.

भार किती पडतो तेही पाहू. एक शब्द पाचही कप्पे पार करेपर्यंत, चुकीची एखादी फेरी धरून, सात वेळा हातात येतो. आठवड्याला आठ नवे म्हणजे आठवड्याला 56 भेटी, सहा दिवसांत रोज नऊ-दहा. दहा मिनिटांचं काम. हाच वेग वीस केला तर रोजच्या भेटी तेवीसच्या वर जातात, चुका वाढतात, चुकलेली कार्डे पहिल्या कप्प्यात साचतात आणि महिन्याभरात खोका कपाटावर जातो. आठ हा आकडा या हिशोबातून आला आहे. ज्यांच्या घरी मोबाइल मोकळा मिळतो त्यांना अंकीसारखं ॲप (अँड्रॉइडवर मोफत) हेच काम करून देतं, मध्यांतरं स्वतः मोजतं. तिथेही कार्ड स्वतःच भरायचं, तयार संच उतरवून घ्यायचा नाही.

आठवण्याची पद्धत ठरलेली असावी. वाक्य वाचायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, स्पेलिंग एकदा लिहायचं, मग कार्ड उलटायचं. तोंडातल्या तोंडात ‘येतोय, येतोय’ म्हणून उलटलेलं कार्ड चुकलेलंच धरायचं. दहा वेळा स्पेलिंग लिहून काढण्याची शिक्षा इथे काहीच देत नाही. तिसऱ्यांदा लिहिताना हात वरच्या ओळीवरून उतरवत असतो, स्मरणशक्तीला काही करावं लागत नाही.

शब्दांची जडणघडण हा या कामाचा सर्वांत रसाळ भाग, आणि मराठी मुलांना त्यात जन्मतः थोडी आघाडी आहे. उपसर्ग, प्रत्यय, धातू हे शब्द त्यांना मराठी व्याकरणातून माहीत असतात. ‘इन’ हा नकाराचा उपसर्ग लीगलला लागला की ‘इल्लीगल’च्या स्पेलिंगमध्ये दोन एल येतात, रेग्युलरला लागला की दोन आर, पॉसिबलला लागला की एनचा एम होतो. हे पाठ करायचं नाही. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, उत् आणि चार मिळून उच्चार होतो, तसंच तिथेही पुढच्या व्यंजनाने मागच्याला आपल्यासारखं करून घेतलं आहे. व्यंजनसंधी शिकलेल्या मुलाला हे फळ्यावर एकदा दाखवलं की दोन एल, दोन आर, दोन एमच्या स्पेलिंगच्या चुका झपाट्याने कमी होतात.

धातूंचंही तसंच. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. संस्कृत ज्ञा आणि ग्रीक-लॅटिनमधला ‘ग्नो’ एकाच मुळाचे, म्हणून डायग्नोसिस आणि कॉग्निशन. इंग्रजी ‘नो’च्या (जाणणे) स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा के त्याचाच अवशेष. युज् वरून योग आणि तिकडे जंक्शन, कंजंक्शन. मृत आणि मॉर्टल, दंत आणि डेंटल, नव आणि नॉव्हेल्टी. अशा वीस-पंचवीस जोड्या पुरतात. त्यांच्या जोडीला स्पेक्ट (पाहणे), डिक्ट (बोलणे), पोर्ट (वाहून नेणे), स्क्राइब (लिहिणे), जेक्ट (फेकणे), व्हर्ट (वळणे) असे तीसेक धातू आणि वीसेक उपसर्ग वर्षभरात होतात. त्याहून जास्त नको. शिवाय धातूवरून अर्थाचा अंदाज करावा, निकाल देऊ नये. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं असं समजणारं मूल प्रयोगशाळेत अडचणीत येईल; त्या शब्दाचा अर्थ लवकर पेट घेणारं असा आहे. इन्व्हॅल्युएबल म्हणजेही बिनमोलाचं नाही, अनमोल.

प्रत्ययांचे बदल गटाने शिकावेत. ॲश्यूम-असम्प्शन, कन्स्यूम-कन्सम्प्शन, रिझ्यूम-रिझम्प्शन: तिन्हींत पी शिरतो. रिसीव्ह-रिसेप्शन, डिसीव्ह-डिसेप्शन, पर्सीव्ह-पर्सेप्शन: तिन्हींत व्ही जाऊन पी-टी येतात. प्रोनाउन्सचं प्रोनन्सिएशन होताना दुसरा ओ गळतो. या एका शब्दात शिक्षकांच्याही फळ्यावर चूक दिसते.

शब्दाच्या सोबत्यांकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि मराठी मुलाचं इंग्रजी तिथेच ओळखू येतं. परीक्षा ‘गिव्ह’ केली जाते, कारण मराठीत ती देतात. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. डिस्कसला ‘अबाउट’ जोडला जातो, कोपला ‘अप’, कम्प्राइजला ‘ऑफ’, रिटर्नला ‘बॅक’. शब्द बरोबर, सोबती चुकलेला. म्हणून कार्डावर दोन सोबती हवेतच: डिसिजनबरोबर ‘मेक’ किंवा ‘रीच’, क्राइमबरोबर ‘कमिट’, रेनबरोबर ‘हेवी’. यांना नियम नाहीत, ते शब्दासोबतच शिकावे लागतात.

याच्या शेजारची दुसरी अडचण मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांची. मराठीत ‘तो नर्व्हस झाला’ म्हणजे खट्टू झाला; इंग्रजीत नर्व्हस म्हणजे धास्तावलेला. मराठीत सिन्सिअर मुलगा म्हणजे अभ्यासू. इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे मनापासून बोलणारा, वरवरचं न वागणारा. हे शब्द येतात असं मुलांना वाटतं, म्हणून ते कधी कोशात पाहत नाहीत. अशा शब्दांची एक स्वतंत्र यादी भिंतीवर लावावी आणि मुलांनीच ती वाढवावी.

वाचनाशिवाय कार्डे कोरडी राहतात, पण वाचन कोणत्या पातळीचं हे महत्त्वाचं. संदर्भावरून अर्थ लावता येतो तो आजूबाजूचे जवळजवळ सगळे शब्द माहीत असतील तरच. पॉल नेशन आणि इतर अभ्यासक हे प्रमाण 98 टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहाच. पुस्तक उघडून एक पान वाचायचं, अनोळखी शब्दांवर बोट ठेवत जायचं. सहापेक्षा बरेच जास्त निघाले तर सोपं पुस्तक घ्यायचं. ग्रेडेड रीडर म्हणून मिळणारी पुस्तकं यासाठीच असतात, साधारण 400 शब्दांपासून 2500 शब्दांपर्यंतच्या पायऱ्यांची. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख आठवीच्या मुलाला वाचायला लावणं हा जुना सल्ला आहे आणि तो बहुतेकांसाठी चुकीचा. नेशन यांच्या हिशोबाने वर्तमानपत्रं किंवा कादंबऱ्या विनासायास वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. दहावीनंतर तिकडे वळावं. त्याआधी खेळाचं पान चालेल, कारण सामना आधी पाहिलेला असतो.

स्पर्धा परीक्षांचा मुद्दा पालक हमखास काढतात. अमेरिकेतल्या सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतून शब्दसंबंधांचे प्रश्न 2005 मध्ये गेले, गाळलेल्या जागांचे 2016 मध्ये. आता छोट्या उताऱ्यात कोणता शब्द नेमका बसतो किंवा दिलेला शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते विचारतात. आपल्याकडे क्लॅट ही कायद्याच्या प्रवेशाची परीक्षाही 2020 पासून उताऱ्यांवर आली. एनडीएच्या (सैन्यदलांच्या प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेत इंग्रजीला 200 गुण आहेत आणि तिथे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द थेट येतात, पण तिथेही शब्द बहुतेक वाक्यातच दिलेला असतो. दुर्मिळ शब्दांच्या लांब याद्या घोकण्याचं कारण या परीक्षांनीच काढून घेतलं आहे.

चाचणी पंधरा दिवसांनी, दहा गुणांची, आणि ‘अर्थ लिहा’ हा प्रश्न तिच्यात नसावा. चार गुण शब्दाचं योग्य रूप भरण्यासाठी (ॲश्यूम दिला, वाक्यात असम्प्शन लागतं), दोन सोबत्यांसाठी, दोन चुकीचा वापर शोधून सुधारण्यासाठी, दोन समोर उभं राहून शब्द वाक्यात बोलण्यासाठी. निम्मे शब्द मागच्या महिन्यांतले घ्यावेत, नाहीतर मुलं चाचणीच्या आदल्या रात्रीचेच शब्द आणतात.

निबंधात मात्र नवे शब्द कोंबू देऊ नयेत. आजोबांना लिहिलेल्या पत्रात ‘आय कमेन्स्ड माय होमवर्क’ हे चुकीचं नाही, पण विजोड आहे. तिथे बिगॅनच हवा. एका पानात नवे दोन शब्द आले आणि नीट बसले तर ते पुरे.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत नवे शब्द बंद, खोका चालू. खंड पडला असेल तर परत सुरू करताना रोज जास्तीत जास्त वीस कार्डे काढावीत. साचलेली सगळी एका बैठकीत संपवू गेलं की निम्मी चुकतात आणि पुन्हा पहिल्या कप्प्यात येतात. दहावीला जानेवारीपासून नवं कार्ड करायचं नाही. पाचवा कप्पा पार केलेली कार्डे फेकायची नाहीत. रबर बँड लावून ती महिन्यावार वेगळी ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी त्यांतली कोणतीही वीस काढायची. तीनपेक्षा जास्त चुकली तर त्या महिन्याचा सगळा गठ्ठा चौथ्या कप्प्यात परत घालायचा.